केनियातला एक सर्व्हर आणि त्यामागचं माणसांचं जाळं

सप्टेंबर २०११ मध्ये केनियातल्या सगळ्या जिल्ह्यांची मासिक आरोग्य-आकडेवारी एकाच ऑनलाइन प्रणालीत जमा होऊ लागली. प्रणालीचं नाव डीएचआयएस-२, म्हणजे जिल्हा आरोग्य माहिती सॉफ्टवेअरची दुसरी आवृत्ती. सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत हे काम देशभर आणि पूर्णपणे ऑनलाइन करणारा केनिया पहिला देश ठरला. एका प्रांतात चाचणी झाल्यावर उरलेला देश काही महिन्यांत जोडला गेला.

हे जमलं कसं, असं विचारलं की बहुतेक उत्तरं तांत्रिक मिळतात. २००९ मध्ये सीकॉम आणि टीम्स या समुद्राखालच्या केबली मोंबासाला पोचल्या, मोबाइल इंटरनेट आवाक्यात आलं, सॉफ्टवेअर मुक्तस्रोत असल्यामुळे परवान्याचा खर्च नव्हता. तिन्ही कारणं खरी आहेत. पण केबल आणि मोडेम सगळ्यांनाच मिळाले होते, आणि तरीही त्या काळात आफ्रिकेत सुरू झालेले आरोग्य-तंत्रज्ञानाचे बरेच प्रकल्प दोन-तीन जिल्ह्यांपलीकडे गेले नाहीत. केनियाच्या पाठीशी १९९४ पासूनचं शिकणं होतं. ते शिकणं केप टाउन, मोझांबिकचं मापुटो, झांझिबार, सिएरा लिओनचं फ्रीटाउन आणि आपल्या केरळातही झालं होतं, आणि एका ठिकाणचं दुसऱ्या ठिकाणी पोचवण्याची सोय लोकांनी जाणीवपूर्वक उभी केली होती. या प्रकरणात मला तीच सोय जवळून पाहायची आहे.

आधी काय होतं

केनियातल्या आरोग्य केंद्रातली नर्स रोज रजिस्टर भरते आणि महिनाअखेरीस त्यांची बेरीज करून ठरलेल्या नमुन्यांत उतरवते. ७०५ क्रमांकाचा नमुना बाह्यरुग्णांचा, ७१० लसीकरणाचा, ७३१ एचआयव्ही सेवांचा. हे कागद जिल्ह्याच्या कचेरीत जातात. तिथे आरोग्य नोंदी सांभाळणारा स्वतंत्र अधिकारी असतो. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या एएनएमताई आणि तालुक्याचा डेटा एंट्री ऑपरेटर ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हे चित्र परकं वाटणार नाही.

२०११ पूर्वी हा अधिकारी कागदावरचे आकडे एक्सेलमध्ये भरायचा आणि ती फाइल नैरोबीच्या सर्व्हरवर चढवायचा. तिथून पुढे काय झालं ते त्याला सहसा कळत नसे. शेजारच्या जिल्ह्याचे आकडे दिसत नसत. स्वतःच्या जिल्ह्याचा वर्षभराचा आलेख हवा असेल तर बारा फाइली उघडून बसावं लागे. शिवाय एचआयव्ही, मलेरिया, क्षयरोग यांच्या कार्यक्रमांचे आणि देणगीदारांचे वेगळे नमुने, वेगळी सॉफ्टवेअरं. एकाच बाळंतपणाची नोंद चार जागी आणि चारही ठिकाणी वेगळा आकडा, अशी गत.

माहिती खालून वर जाते आणि परत येत नाही, हे या पद्धतीचं खरं दुखणं होतं. ज्याला आपल्या आकड्याचा उपयोग कधी दिसत नाही, तो आकडा नीट भरण्याचं कारण त्याच्यापाशी उरत नाही. याला आळस म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

केप टाउन, १९९४ नंतर

वर्णभेदी राजवटीत दक्षिण आफ्रिकेत आरोग्य खात्यांची संख्या १४ होती. गोऱ्यांसाठी वेगळं, 'कलर्ड' म्हणवल्या जाणाऱ्यांसाठी वेगळं, भारतीय वंशाच्यांसाठी वेगळं, कृष्णवर्णीयांसाठी तोडून दिलेल्या प्रत्येक 'होमलँड'चं आणखी वेगळं. प्रत्येकाचे नमुने आणि व्याख्या निराळ्या. १९९४ च्या निवडणुकीनंतर नव्या सरकारने जिल्हा हा आरोग्यसेवेचा पाया मानला, तेव्हा जिल्ह्याला स्वतःची माहिती स्वतः वापरता आली पाहिजे ही गरज उभी राहिली. वर्णभेदविरोधी लढ्यातले आरोग्य कार्यकर्ते, वेस्टर्न केप आणि केप टाउन इथली विद्यापीठं आणि नॉर्वेतल्या ऑस्लो विद्यापीठातले यॉर्न ब्रॉ यांच्यासारखे संशोधक एकत्र आले आणि 'हेल्थ इन्फर्मेशन सिस्टिम्स प्रोग्राम', म्हणजे हिस्प, सुरू झाला. नॉर्वेच्या विकास-मदत संस्थेचा पैसा त्यामागे होता.

सॉफ्टवेअर नंतर आलं. आधी भांडण झालं ते कोणते आकडे गोळा करायचे यावर. प्रत्येक कार्यक्रमाला शंभर गोष्टी हव्या होत्या आणि नर्सकडे तेवढा वेळ नव्हता. त्यातून 'किमान आवश्यक आकड्यांचा संच' ही कल्पना पुढे आली: सगळ्यांनी मिळून थोडे आकडे ठरवायचे आणि ते सगळीकडे एकाच व्याख्येने गोळा करायचे. एखाद्या प्रांताला जास्त हवं असेल तर त्याने स्वतःपुरतं वाढवावं, पण गाभा तोच ठेवावा. काल्ले हेडबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यासाठी मायक्रोसॉफ्ट ॲक्सेसवर जो प्रोग्राम लिहिला, तो डीएचआयएसची पहिली आवृत्ती. नमुन्यात बदल झाला की तो जिल्ह्यातच करता यावा, प्रोग्रामरची वाट पाहावी लागू नये, हा आग्रह त्यात पहिल्यापासून होता. शतक बदलताना ही पद्धत दक्षिण आफ्रिकेच्या सगळ्या प्रांतांत पोचली.

नंतरच्या सगळ्या यशाचं मूळ मला या आग्रहात दिसतं. साधन स्थानिक माणसाच्या हातात बदलता येत असेल तरच त्या बदलातून निघालेलं ज्ञान दुसऱ्याला सांगण्यासारखं राहतं.

जिथे जमलं नाही

१९९९-२००० च्या सुमारास हा गट मोझांबिकमध्ये गेला. मापुटोचं एदुआर्दो मोंडलाने विद्यापीठ सोबत होतं. गाझा, इन्याम्बाने आणि नियासा या तीन प्रांतांत काम सुरू झालं. सॉफ्टवेअर पोर्तुगीजमध्ये आणावं लागलं. वैद्यक आणि संगणकशास्त्र अशा दोन्ही बाजूंचे तरुण अध्यापक पीएचडीसाठी जोडले गेले. पण मंत्रालयात आधीपासून स्वतःची प्रणाली होती, ती सोडायची तयारी नव्हती, आणि काम तीन प्रांतांत अडकलं.

इथिओपियात २००३ मध्ये सुरुवात झाली आणि काही प्रदेशांत चांगलं पाऊल पडलं, पण थोड्या वर्षांत सरकारने दुसरा रस्ता धरला आणि काम थांबलं. तिथे आणखी एक अडचण होती, ती बाहेरच्या माणसाच्या ध्यानात यायला वेळ लागला. इथिओपियाचं पंचांग तेरा महिन्यांचं आहे. मासिक अहवालाचं सॉफ्टवेअर बारा महिने गृहीत धरून लिहिलं असेल, तर पहिल्याच वर्षी त्याची गाडी अडते. आज डीएचआयएस-२ मध्ये इथिओपियन पंचांगाची सोय आहे.

या दोन देशांतलं काम वाया गेलं असं मी मानत नाही. ब्रॉ, एरिक मॉन्टेरो आणि संदीप सहाय या संशोधकांनी २००४ मध्ये या अनुभवांवरून एक मांडणी केली. एकट्या ठिकाणचा प्रायोगिक प्रकल्प टिकत नाही, कारण निधी संपला किंवा एक अधिकारी बदलला तरी तो कोसळतो. एकमेकांकडून शिकणाऱ्या ठिकाणांचं जाळं असेल, तर एका जागी थांबलेलं काम दुसरीकडे चालू राहतं आणि परिस्थिती पालटली की परत येतं. मांडणी कागदावरच राहिली नाही. मोझांबिकच्या मंत्रालयाने पुढे डीएचआयएस-२ वरच राष्ट्रीय प्रणाली उभारली आणि इथिओपियानेही ते देशभर स्वीकारलं. पहिल्या फेरीत शिकलेली विद्यापीठातली माणसं देशातच होती, हे त्यामागचं मोठं कारण.

भारतातला दुवा इथेच येतो. डिसेंबर २००० मध्ये आंध्र प्रदेशातल्या कुप्पम भागात हिस्पचं काम सुरू झालं. नंतर केरळमध्ये राज्य सरकारचा कल मुक्त सॉफ्टवेअरकडे होता आणि जुनी आवृत्ती तर मायक्रोसॉफ्टच्या मालकीच्या ॲक्सेसवर उभी होती. नवी, वेबवर चालणारी, पूर्णपणे मुक्तस्रोत आवृत्ती २००४ पासून ऑस्लोत लिहिली जात होती, आणि ती पहिल्यांदा प्रत्यक्ष वापरात आली २००६ मध्ये केरळात. पाच वर्षांनी केनियाने जे वापरलं, त्याच्या सुरुवातीच्या चुका केरळच्या आरोग्य केंद्रांत सापडल्या आणि दुरुस्त झाल्या होत्या.

झांझिबारच्या बैठका

या सगळ्या प्रवासातलं माझ्या मते सर्वांत मोलाचं काम झांझिबारमध्ये झालं. ते तंत्रज्ञानाचं नव्हतं, म्हणून त्याची चर्चा कमी होते.

झांझिबार म्हणजे टांझानियाचा अर्धस्वायत्त द्वीपसमूह. उंगुजा आणि पेम्बा ही मोठी बेटं, मोजके जिल्हे. डीएचआयएस तिथे २००५ मध्ये आलं. आकडे भरले जाऊ लागले, पण त्यांचा दर्जा कच्चा होता. तेव्हा हिस्पचे आर्थर हेवूड आणि स्थानिक सहकाऱ्यांनी तिमाही बैठका सुरू केल्या. नियम साधा: प्रत्येक जिल्ह्याच्या चमूने स्वतःच्या आकड्यांची मांडणी करायची, ती इतर जिल्ह्यांसमोर करायची, आणि प्रश्न विचारायचे ते इतर जिल्ह्यांनी.

असं करून पाहिलेल्या कोणालाही यात काय घडतं ते माहीत असतं. वरिष्ठाने विचारलं की माणूस बचाव करतो. बरोबरीच्या जिल्ह्याने विचारलं, 'तुमच्याकडे गोवराच्या लशीचं प्रमाण ११० टक्के कसं?', तर उत्तर शोधावं लागतं. मग कळतं की लोकसंख्येचा अंदाज जुना आहे, किंवा शेजारच्या जिल्ह्यातल्या आया आपल्याकडे लस घ्यायला येतात, किंवा एका केंद्राने एका महिन्याचा अहवाल दोनदा भरला आहे. तिन्ही उत्तरं वेगळी आणि तिन्हींवरचे उपायही वेगळे. हे ज्ञान कोणत्याही प्रशिक्षण-पुस्तिकेत मावत नाही. ते त्या खोलीतच तयार होतं आणि प्रत्येक जण आपापल्या जिल्ह्यात घेऊन जातो.

बैठकांतून दुसरी गोष्ट घडली. कोणते आकडे कोणीच वापरत नाही आणि कोणते दोन-तीन नमुन्यांत पुन्हा पुन्हा मागितले जातात, हे जिल्ह्यांनीच दाखवून दिलं. नमुने सुधारले, वेगळे चाललेले कार्यक्रम एका छताखाली आले, आणि सॉफ्टवेअरकडे नव्या मागण्या गेल्या. काही वर्षांत आकडे अधिक पूर्ण, अधिक विश्वासार्ह झाले, आणि ही पद्धत इतर देशांनी उचलली.

सिएरा लिओनमध्ये याच सुमारास, २००८ पासून, वेगळा धडा मिळत होता. यादवी युद्ध २००२ मध्ये संपलेला, यंत्रणा मोडकळीला आलेला देश. तिथे प्रत्येक चीफडमची, म्हणजे पारंपरिक प्रशासकीय विभागाची, क्रमवारी लावून ती लोकांसमोर ठेवण्याचा प्रयोग झाला. आपला विभाग बाळंतपणाच्या सेवेत खाली आहे हे चीफला दिसलं की गावात त्यावर बोलणं सुरू होतं. या देशाची खूण आजही जगभर दिसते: डीएचआयएस-२ चा सराव करण्यासाठी जो नमुना डेटाबेस खुला ठेवला आहे, तो सिएरा लिओनच्या नकाशावर बेतलेला आहे. व्हिएतनाममध्ये शिकणारी परिचारिका असो की पुण्यातला विद्यार्थी, पहिला आलेख काढतो तो तिथल्या बोसारख्या जिल्ह्यांचा.

नैरोबीत काय घडलं

आता २०११ कडे. केनियाच्या मंत्रालयाची माहिती शाखा, ऑस्लोचे संशोधक-प्रोग्रामर आणि आसपासच्या देशांत हे काम केलेली माणसं एकत्र आली. मूळ विचार सावध होता. जिल्ह्याजिल्ह्यात नेट नाही, म्हणून जागोजागी संगणकावर सॉफ्टवेअर बसवायचं आणि आकडे नंतर एकत्र करायचे, अशी पद्धत इतर देशांत चालत होती. तिचे हाल सगळ्यांनी पाहिले होते. प्रत्येक संगणकावर वेगळी आवृत्ती, व्हायरस, बदली झालेला अधिकारी आणि त्याच्याबरोबर गेलेला पासवर्ड. नमुन्यात एक रकाना वाढला की शंभर ठिकाणी माणूस पाठवायचा.

जिल्ह्यांत फिरताना मोबाइल मोडेम लावून पाहिला, तर अपेक्षेपेक्षा चांगलं नेट मिळालं. गंमत अशी की मंत्रालयातल्या सर्व्हरची जोडणीच कमकुवत निघाली. मग सर्व्हर परदेशात भाड्याने घेतला आणि देशाच्या आरोग्याचे आकडे काही काळ तिथे राहिले. यावर वाद होणं साहजिक होतं. नोंदी रुग्णांच्या नावानिशी नव्हत्या, फक्त बेरजा होत्या, तरी देशाची माहिती देशात असावी ही मागणी रास्तच आहे. माझ्या मते निर्णय बरोबर होता, कारण तो तात्पुरता आहे हे सगळ्यांना माहीत होतं आणि पुढे सर्व्हर देशात आणलाही गेला.

नेट चांगलं असलं तरी अखंड नव्हतं. नमुना अर्धा भरला आणि जोडणी तुटली, तर तासाभराची मेहनत जायची. केनियातून ही तक्रार आली आणि प्रोग्रामरांनी ब्राउझरमध्येच आकडे साठवून, नेट आल्यावर पाठवण्याची सोय केली. ही सोय तेव्हापासून सगळ्या देशांना मिळाली. एका जिल्हा कचेरीतला त्रास काही महिन्यांत दुसऱ्या खंडातल्या कचेरीचा त्रास कमी करतो, हे जाळ्याचं सगळ्यांत ठोस रूप. घाना, युगांडा आणि रवांडा पुढच्या वर्षा-दोन वर्षांत याच वाटेने आले, आणि त्यांना 'ऑनलाइन चालेल का?' हा प्रश्न नव्याने सोडवावा लागला नाही.

आणखी एका पायाभूत कामाचं श्रेय केनियालाच द्यायला हवं. देशातल्या प्रत्येक आरोग्य केंद्राला एक क्रमांक देणारी एकच यादी त्यांनी तयार केली. दवाखाने नेमके किती आणि कोणते, यावर एकमत नसेल तर टक्केवारीला अर्थ राहत नाही. २०१३ मध्ये नव्या राज्यघटनेनुसार आरोग्यसेवा ४७ काउंटींकडे, म्हणजे नव्या प्रादेशिक सरकारांकडे गेल्या, तेव्हा सगळी रचना पुन्हा मांडावी लागली. ते काम केनियातल्या माणसांनी निभावलं, कारण रचना कशी बदलायची हे त्यांना येत होतं.

जाळ्याचे कच्चे धागे

आज सत्तरहून अधिक देश डीएचआयएस-२ वापरतात. दक्षिण आफ्रिका, टांझानिया, युगांडा, मलावी, मोझांबिक, रवांडा, इथिओपिया आणि टोगोसारख्या देशांत हिस्पचे स्वतंत्र स्थानिक गट आहेत. 'अकादमी' नावाची प्रादेशिक प्रशिक्षण शिबिरं भरतात आणि तिथे एका देशाची अडचण दुसऱ्या देशाचा माणूस सोडवतो.

तरी एक असमतोल सुरुवातीपासून आहे आणि तो लपवण्यात अर्थ नाही. नवी आवृत्ती जावा या प्रोग्रामिंगच्या भाषेत, त्या काळच्या अवघड चौकटी (फ्रेमवर्क) वापरून लिहिली गेली. ऑस्लोच्या विद्यार्थ्यांना त्या सरावाच्या होत्या. अदिस अबाबातल्या किंवा हैदराबादमधल्या प्रोग्रामरला संथ नेटवर त्या शिकून सॉफ्टवेअरच्या गाभ्यात भर घालणं फार जड गेलं. त्यामुळे अंमलबजावणीचं आणि वापराचं ज्ञान आफ्रिकेत वाढलं, पण गाभ्याच्या कोडवरची पकड नॉर्वेतच राहिली. दक्षिण आफ्रिकेने, जिथे हे सगळं जन्मलं, जुनी आवृत्तीच आणखी अनेक वर्षं चालवली.

काही अंशी हे बदललं ते गाभ्याभोवती वेगळी ॲप्स लिहिण्याची मोकळीक मिळाल्यावर. टांझानियाच्या गटाने, दार एस सलाम विद्यापीठाच्या आधाराने, आकड्यांवरून कामगिरीचं गुणपत्रक दाखवणारं ॲप लिहिलं, ते इतर देशांनी घेतलं. २०२० च्या सुरुवातीला श्रीलंकेतल्या डॉक्टर-प्रोग्रामरांनी कोविडसाठी प्रवाशांच्या नोंदींची रचना करून ती खुली केली, आणि आफ्रिकेतले देश ती आपल्या भाषेत, आपल्या सीमांवर बसवू लागले. दक्षिणेकडून दक्षिणेकडे थेट गेलेलं हे ज्ञान आहे, आणि ऑस्लोच्या लोकांनीही त्याला मोकळेपणाने वाट दिली.

दुसरा कच्चा धागा पैशाचा. सर्व्हरचं भाडं, शिबिरं, स्थानिक गटांचे पगार यांतला मोठा भाग बाहेरच्या देणगीदारांकडून येतो. २०२५ च्या सुरुवातीला अमेरिकेने परदेशी मदत गोठवली, तेव्हा आफ्रिकेतल्या आरोग्य मंत्रालयांना याची जाणीव एका रात्रीत झाली. काटकसर करायची वेळ आली की सहसा आधी कात्री लागते ती बैठकांना. संगणकाची पावती दाखवता येते. दहा जिल्ह्यांची माणसं दोन दिवस एका खोलीत बसून एकमेकांचे आकडे तपासत होती, याचं फळ लेखापरीक्षकाच्या रकान्यात बसत नाही. आरोग्य-माहितीवर पैसा खर्च करणाऱ्या प्रत्येक मंत्रालयाने, मग ते नैरोबीतलं असो की मुंबईतलं, तिमाही बैठकांचा प्रवासखर्च आणि राहण्याची सोय स्वतःच्या अंदाजपत्रकात, सर्व्हरच्या ओळीशेजारी, कायमची लिहायला हवी.